ऑशविट्झची अभ्याससहल: आखणीपासून परतीनंतरच्या तासापर्यंत

दुसऱ्या महायुद्धात जर्मन नाझींनी लाखो ज्यूंना जिथे मारले, त्या पोलंडमधल्या ऑशविट्झ छावणीला पदवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी दोनदा गेले आहे. पहिल्या वेळी प्रवास कंपनीने हातात दिलेला कार्यक्रम मी जसाच्या तसा मान्य केला: सकाळी ऑशविट्झ, दुपारी विएलिच्काची मिठाची खाण, रात्री क्राकूव शहराच्या मुख्य चौकात जेवण. परतीच्या बसमध्ये मुलांनी अंताक्षरी सुरू केली. त्यांना गप्प करायला मला तोंड नव्हते, कारण एका दिवसात दोन ‘स्थळे’ उरकण्याच्या बेतावर सही माझीच होती. दुसऱ्या सहलीची आखणी मी त्या बसपासून मागे मोजत केली, आणि पुढचे मार्गदर्शन त्या आखणीवर आधारलेले आहे.

विद्यार्थ्यांना हादरवण्यासाठी एवढ्या लांब नेण्याची गरज नाही, कारण हादरा वर्गातल्या पडद्यावरही बसतो. तिथे जायचे ते हा संहार कोणत्या कार्यालयातून, कोणत्या यादीवरून, कोणत्या आगगाडीने आणि कोणाच्या डोळ्यांदेखत झाला, हे जागेवर उभे राहून समजून घेण्यासाठी. सहलीतली प्रत्येक गोष्ट या एका कसोटीला लावून ठेवावी किंवा गाळावी.

आधी शब्द

मराठीत आपण कत्तल, हत्याकांड, नरसंहार आणि वंशसंहार हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. सहलीच्या पहिल्या बैठकीत ते वेगळे करून घ्यावेत, कारण तिथे गेल्यावर होणारा निम्मा गोंधळ शब्दांचा असतो. पोलिश-ज्यू कायदेतज्ज्ञ राफाएल लेम्किन यांनी 1944 साली या गुन्ह्यासाठी स्वतंत्र शब्द घडवला, आणि 9 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यासंबंधीचा करार मंजूर केला. भारताने तो 1959 मध्ये अनुसमर्थित केला. करारानुसार राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू हा या गुन्ह्याचा गाभा आहे. मृतांची संख्या हा निकष नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या सहजी गळी उतरत नाही. म्हणून मी व्याख्या फळ्यावर लिहून ‘हेतू’ या शब्दाखाली रेघ मारते, आणि हेतू सिद्ध करायला कोणते कागद लागतील, एवढा एकच प्रश्न त्या दिवशी घरी न्यायला देते. करारातल्या अर्थासाठी मी ‘वंशसंहार’ हा शब्द वापरते, कारण ‘नरसंहार’ म्हटले की लक्ष पुन्हा आकड्याकडे वळते.

तारीख, संख्या, कागदपत्रे

आपल्याकडे महाविद्यालयीन सहल म्हटली की दिवाळीची सुट्टी हेच पहिले उत्तर असते, आणि पोलंडसाठी ते फारसे चांगले नाही. नोव्हेंबरात तिथे दुपारी चारच्या सुमारास अंधारू लागते, 1 नोव्हेंबरला पूर्वजांच्या कबरींवर दिवे लावण्याचा दिवस आणि 11 नोव्हेंबरला स्वातंत्र्यदिन असल्याने बऱ्याच संस्था बंद असतात. सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मिळवता आला, तर त्यासाठी प्राचार्यांशी थोडा वाद घालायला हरकत नाही. संख्येच्या बाबतीत चोवीस विद्यार्थी आणि तीन शिक्षक ही माझ्या मते वरची मर्यादा आहे, कारण त्यापुढे गट वाटाड्याच्या मागे धावणारी रांग बनतो. स्मारकाच्या व्यवस्थापनाने चौदा वर्षांखालील मुलांना आणू नये असे सुचवले आहे. मला विचाराल तर बारावीच्या आत नेऊच नये.

पोलंडला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि सुट्ट्यांच्या हंगामात मुलाखतीची वेळ मिळायला आठवडे जातात, म्हणून पासपोर्ट नसलेल्या विद्यार्थ्यांचे काम दहा महिने आधीच सुरू करावे. किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा, महाविद्यालयाचे पत्र, खर्च उचलणाऱ्या पालकांचे बँकेचे तपशील आणि दिवसवार कार्यक्रम हे सगळे सर्वांचे एकसारखे असावे. एकाच गटातल्या दोघांच्या कार्यक्रमपत्रिकेत मुक्कामाच्या तारखा वेगळ्या निघाल्या की अडचण येते, आणि ती नेमकी कोणीतरी ‘जुनी फाइल’ छापल्यामुळे आलेली असते.

ऑशविट्झ स्मारकाला प्रवेशशुल्क नाही, परंतु प्रवेशपत्र आधी काढावे लागते आणि गटाला स्मारकाचाच मार्गदर्शक घ्यावा लागतो, त्याचे पैसे पडतात. नेहमीची फेरी साडेतीन तासांची असते. सहा तासांची अभ्यासफेरी निराळी मागावी लागते, आणि विद्यार्थ्यांसाठी तीच मागावी. प्रवास कंपनी ‘साडेतीन तासांत सगळे होते’ असे सांगेल. होते, पण मग बिर्केनाउमध्ये, म्हणजे छावणीच्या दुसऱ्या भागात, तुम्ही फक्त चालत असता. मार्गदर्शनाची भाषा इंग्रजी राहील. इंग्रजी ऐकण्याचा सराव नसलेल्या मुलांसाठी निवड, यातनाछावणी, संहारछावणी, हद्दपारी, दाहगृह अशा तीसेक शब्दांचा मराठी कोश आधीच हातात द्यावा.

सहलीपूर्वीचे तास

पहिला तास तारखांचा, पण त्या पाठ करण्याचा नाही. 1 एप्रिल 1933 रोजी नाझी जर्मनीत ज्यू दुकानांवर बहिष्कार. त्याच आठवड्यात सरकारी नोकऱ्यांतून ज्यूंना काढण्याचा कायदा. सप्टेंबर 1935 मध्ये नागरिकत्व आणि विवाहासंबंधीचे न्युरेंबर्ग कायदे. ऑगस्ट 1938 मध्ये ठरावीक नावे नसलेल्या ज्यू पुरुषांनी ‘इस्राएल’ आणि स्त्रियांनी ‘सारा’ हे नाव जोडण्याचा हुकूम. ऑक्टोबरमध्ये पासपोर्टवर तांबडे ‘जे’ अक्षर. नोव्हेंबरात सिनेगॉगांची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांची, जाळपोळ. या यादीतल्या प्रत्येक पायरीसमोर विद्यार्थ्यांनी ‘हे काम कोणत्या कारकुनाने केले असेल’ हे लिहावे. नोंदणी, शिक्का, दाखला, पत्ता: बहुतेक उत्तरे कचेरीतलीच येतात.

दुसऱ्या तासाला दोनच कागद पुरतात. 20 जानेवारी 1942 रोजी बर्लिनजवळ वानझे येथे ज्यूंच्या संहाराची आखणी जुळवण्यासाठी पंधरा अधिकारी जमले, त्यांतले आठ डॉक्टरेट मिळवलेले होते, आणि त्या बैठकीच्या इतिवृत्तात देशवार ज्यूंची संख्या मांडून बेरीज एक कोटी दहा लाखांवर नेलेली आहे. दुसरा कागद आगगाडीच्या भाड्याचा. जर्मन रेल्वे हद्दपार केलेल्या लोकांचे भाडे तिसऱ्या वर्गाच्या दराने, फक्त जाण्याचे, आकारत असे. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुलांना माफ, आणि चारशेहून अधिक माणसे असली की गटसवलत. हे वाचल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती कोणत्याही छायाचित्राने पसरत नाही, कारण अर्ध्या तिकिटाचा हिशेब आपल्या प्रत्येक घरात झालेला असतो.

तिसरा तास आपल्या घरच्या सवयींचा. कडक शिक्षकाला ‘हिटलर’ म्हणणे, रस्त्यावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी हिटलरचे आत्मचरित्र मांडलेले असणे, ‘माणूस वाईट असेल पण शिस्त होती’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकू येणे, या गोष्टी आपल्याकडे चालून जातात. विद्यार्थ्यांना त्याबद्दल दटावू नये. ती शिस्त कोणासाठी आणि कोणाच्या जिवावर होती, एवढे विचारावे. स्वस्तिकाचेही बोलून घ्यावे. आपले स्वस्तिक शुभचिन्ह आहे आणि नाझींच्या चिन्हाशी त्याचा अर्थाने काही संबंध नाही, हे खरे असले तरी नाझी चिन्हांच्या प्रचाराला पोलंडमध्ये कायद्याने बंदी आहे, आणि ऑशविट्झच्या फाटकावर कोणाला हा खुलासा ऐकायला सवड नसते. लॉकेट, मोबाइलचे कव्हर, आईने पिशवीवर कुंकवाने काढलेले चिन्ह, या गोष्टी निघण्याच्या आदल्या दिवशी तपासाव्यात. गटातल्या एकीच्या पासपोर्टच्या पाकिटावर ते होते, आणि ते आम्हाला मुंबई विमानतळाच्या रांगेत दिसले.

चौथा तास मुंबईत, मांडवीतल्या शारे राहमीम सिनेगॉगमध्ये घ्यावा. बेने इस्रायली या महाराष्ट्रातल्या ज्यू समाजातल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी हे प्रार्थनामंदिर 1796 साली बांधले. भेटीची परवानगी आधी काढावी आणि शनिवार टाळावा. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून ज्या समाजाला कोकणात शनिवार तेली म्हणत, जो घरात मराठी बोलत आला आणि ज्याने बायबलच्या कथांवर मराठी कीर्तने रचली, त्याला विद्यार्थ्यांनी पोलंडच्या आधी भेटावे, नाहीतर ज्यू म्हणजे छायाचित्रातले प्रेत एवढीच ओळख घेऊन ते विमानात बसतात. युरोपातून निसटून मुंबईत आलेल्या लोकांची माहितीही इथेच द्यावी: आकाशवाणीची सुरावट रचणारे वॉल्टर काउफमान प्रागहून 1934 साली मुंबईत आले होते.

क्राकूवचे पहिले दोन दिवस

ऑशविट्झ पहिल्या दिवशी ठेवू नये. आधी तिथे कोण राहत होते ते पाहावे. युद्धापूर्वी क्राकूवमध्ये सुमारे 60,000 ज्यू होते, शहराच्या जवळपास चौथाई. काझिमिएश या जुन्या वस्तीत रेमूह सिनेगॉग आणि त्याला लागून जुनी दफनभूमी आहे, ती शनिवारी बंद असते. मग नदी ओलांडून पोडगुझेमध्ये जावे. मार्च 1941 मध्ये इथे भिंत घालून घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्याची वस्ती, केला गेला आणि तीनेक हजार लोकांच्या वस्तीत सुमारे 15,000 माणसे कोंबली. ल्वोव्स्का रस्त्यावर त्या भिंतीचा तुकडा उभा आहे. तिचा वरचा काठ ज्यू थडग्यांच्या दगडांसारखा गोलाकार केलेला दिसतो. घेटोच्या चौकात आज धातूच्या मोठ्या रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या आहेत आणि कोपऱ्यावर तादेउश पांकिएविच यांचे औषधाचे दुकान संग्रहालय म्हणून जपले आहे. ज्यू नसूनही त्यांनी घेटोत राहून दुकान चालवले. या चौकात मी विद्यार्थ्यांना अर्धा तास काही न सांगता सोडते, आणि नंतर विचारते की आजूबाजूच्या कोणत्या खिडक्यांतून हा चौक दिसतो. खिडक्या मोजून झाल्या की शेजाऱ्यांचा विषय काढावा लागत नाही.

जेवणाची चिंता पालक फार करतात. बटाटा आणि चीज भरलेले पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, सगळीकडे मिळतात. वरून खरपूस डुकराचे मांस घालू नका, हे मात्र प्रत्येक वेळी सांगावे.

ऑशविट्झचा दिवस

क्राकूवपासून ओशविएंचिम गाव सत्तरेक किलोमीटरवर, बसने दीड तास. बसमध्ये संगीत नको, भाषणही नको. पिशव्या लहान असाव्यात, कारण मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. ओळखपत्र हाताशी असावे. बिर्केनाउ हे उघडे माळरान असल्याने वारा झोंबतो, म्हणून लोकरी मोजे आणि कानटोपी ऑक्टोबरातही न्यावी. छावणीच्या आवारात खायचे नसते, तेव्हा नाश्ता भरपूर करून निघावे आणि दोन भागांच्या मधल्या विश्रांतीत डबा उघडावा.

नव्या अभ्यागत केंद्रातून छावणीकडे जाताना काँक्रीटच्या भिंतींमधला एक मार्ग लागतो, तिथे मृतांची नावे वाचली जात असतात. विद्यार्थ्यांना आधी सांगून ठेवले नाही तर ते बोलत बोलत पार होतात. पुढचे ‘काम मुक्त करते’ असे जर्मन शब्द असलेले फाटक सर्वांना ओळखीचे असते. वरची पाटी प्रतिकृती आहे, मूळ पाटी डिसेंबर 2009 मध्ये चोरीला जाऊन तीन तुकड्यांत सापडली. फाटकाखाली गटाचा फोटो काढू नये.

पहिल्या छावणीची पक्की विटांची घरे मूळ पोलिश सैन्याच्या बराकी. जून 1940 मध्ये इथे आणलेले पहिले 728 कैदी पोलिश राजकीय कैदी होते. एकूण सुमारे 13 लाख माणसे ऑशविट्झला आणली गेली आणि सुमारे 11 लाख मारली गेली. त्यांत जवळपास 10 लाख ज्यू, सत्तर ते पंचाहत्तर हजार पोल, 21,000 रोमा आणि सुमारे पंधरा हजार सोव्हिएत युद्धकैदी. हे आकडे वर्गातच सांगून संपवावेत, कारण तिथे आकडा सांगितला की विद्यार्थी वस्तू पाहणे थांबवतो.

आणि वस्तूंसाठीच तर तिथे जायचे. पाचव्या इमारतीत काचेआड सुटकेसींचा ढीग आहे. संग्रहालयाकडे सुमारे 3,800 सुटकेसी आहेत, त्यांतल्या 2,100 वर मालकाचे नाव आहे: मोठ्या पांढऱ्या अक्षरांत आडनाव, जन्मतारीख, कुठे कुठे पत्ता. शेजारी भांडी, एनॅमलची, टवके उडालेली, बारा हजारांहून अधिक असलेल्या संग्रहातली काही. आमची एक मुलगी त्या भांड्यांसमोर बराच वेळ उभी होती. ती मला म्हणाली, “मॅडम, आमच्या आजीच्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलंय. लग्नात परत यायला हवीत म्हणून.” सामान परत मिळेल असे वाटल्याशिवाय कोणी त्यावर नाव घालत नाही, आणि ती समजूत मुद्दाम करून दिलेली होती, एवढे वाक्य मी जोडले. फसवणूक हा या यंत्रणेचा भाग होता, हे त्या गटाला मला पुन्हा शिकवावे लागले नाही.

चौथ्या इमारतीतल्या केसांच्या दालनात आणि अकराव्या इमारतीच्या तळघरात छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. मी तर पहिल्या छावणीत मोबाइल खिशातच ठेवायला सांगते. ज्याला केसांच्या दालनात जायचे नसेल त्याने बाहेर थांबावे, आणि त्याच्याबरोबर एक शिक्षक आपसूक थांबावा, म्हणजे त्याला कारण द्यावे लागत नाही.

तेरावी इमारत बहुतेक गट वगळतात. तिथे रोमा लोकांविषयी प्रदर्शन आहे, आणि भारतीय विद्यार्थ्यांनी ते वगळणे मला मान्य नाही. रोमांचे पूर्वज भारतातून गेले. त्यांच्या भाषेत येक, दुई, त्रीन, श्तार, पांज असे मोजतात आणि पाण्याला पानी म्हणतात. बिर्केनाउमध्ये त्यांना कुटुंबांसह एका वेगळ्या भागात ठेवले होते, आणि 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री तिथे उरलेल्या चार हजारांहून अधिक स्त्री-पुरुष-मुलांना गॅस देऊन मारण्यात आले. सत्ताविसाव्या इमारतीत मृत ज्यूंच्या नावांचा पुरुषभर उंच ग्रंथ आहे. जायच्या आधी प्रत्येक विद्यार्थ्याने यद वाशेम या जेरुसलेममधल्या स्मारकसंस्थेच्या नावांच्या कोशातून एका व्यक्तीची माहिती काढून आणावी आणि इथे ते पान स्वतः शोधावे. नाव हाती लागायला दहा मिनिटे तरी जातात, तेवढा वेळ कार्यक्रमात धरावा.

तीनेक किलोमीटरवरच्या बिर्केनाउला जायला बस आहे. तिथे पाहण्यासारखे फार काही नाही अशी तक्रार एखादा विद्यार्थी करतोच, आणि ती रास्त आहे. तिथे मोजायचे असते. फाटकातून आत येणारा लोहमार्ग मे 1944 मध्ये वापरात आला, आणि त्यानंतरच्या दोनेक महिन्यांत हंगेरीतून सुमारे 4,30,000 ज्यू आणले गेले. रुळांलगतच्या फलाटावरून मोडक्या दाहगृहांपर्यंत न बोलता चालायला सांगावे आणि घड्याळ पाहावे. डॉक्टरांनी कामाला नालायक ठरवलेली म्हातारी माणसे आणि लहान मुले त्याच वाटेने गेली. एक दाहगृह 7 ऑक्टोबर 1944 रोजी तिथे राबवल्या जाणाऱ्या कैद्यांच्या उठावात पेटवले गेले. बाकीची एसएसने, म्हणजे छावणी चालवणाऱ्या नाझी संघटनेने, जानेवारी 1945 मध्ये पुरावा मिटवण्यासाठी सुरुंगाने उडवली. 27 जानेवारीला सोव्हिएत फौजा आल्या तेव्हा सात हजारांच्या आसपास कैदी उरले होते. पुरावा मिटवणाऱ्यांना आपण काय केले ते ठाऊक होते, आणि इथे पहिल्या बैठकीतला ‘हेतू’ हा शब्द परत काढता येतो.

दुसऱ्या दिवशीची बैठक

त्या रात्री चर्चा घेऊ नये. जेवून झोपू द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी ठेवून अकरा वाजता दोन तासांची बैठक घ्यावी, आणि सुरुवात ‘काय वाटले’ या प्रश्नाने न करता ‘काय पाहिले’ या प्रश्नाने करावी. भावनेवर सुरुवात केली की ज्याला रडू आले नाही तो अपराधी वाटून गप्प बसतो.

याच बैठकीत तुलना निघते. कोणी फाळणी काढतो, कोणी गांधीहत्येनंतर 1948 मध्ये महाराष्ट्रात ब्राह्मणांची जाळलेली घरे, कोणी 2006 चे खैरलांजी. तुलना दडपू नये आणि तराजूही काढू नये. यादी कोणाकडे होती, पोलीस कुठे होते, शेजाऱ्यांनी काय केले, नंतर खटला कोणावर चालला, हे चार प्रश्न प्रत्येक घटनेला लावावेत. उत्तरे वेगवेगळी येतात, आणि ती तशीच लिहून घ्यावीत. अहवालात ‘पोलिश छावणी’ असे कोणीही लिहू नये. छावणी व्यापलेल्या पोलंडमधली, जर्मन नाझींची होती, आणि युनेस्कोच्या यादीतही 2007 पासून तसेच स्पष्ट नाव आहे.

वेळ उरला तर वेगवान रेल्वेने अडीच तासांत वॉर्सा गाठावे. तिथे मंगळवार टाळून पोलंडमधल्या ज्यूंच्या इतिहासाचे पोलिन संग्रहालय पाहावे, कारण त्या दिवशी ते बंद असते. वॉर्साच्या घेटोत इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लपवून ठेवलेले दप्तर हे इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी वॉर्सात जाण्याचे सर्वांत चांगले कारण आहे. रेशनची कार्डे, शाळेतले निबंध, जाहिराती, जे मिळेल ते त्यांनी पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरले, आणि 1946 व 1950 मध्ये त्यातले दोन साठे मिळाले.

परतल्यावर वळीवडे

कोल्हापूरजवळच्या वळीवड्याची भेट मी पहिल्या वेळी सहलीआधी ठेवली होती, आणि ती चूक ठरली. विद्यार्थ्यांनी तिथले पोल आणि ऑशविट्झचे ज्यू एकच समजून घेतले. वळीवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले. ते बहुतांशी कॅथलिक स्त्रिया आणि मुले होती. सोव्हिएत संघाने पूर्व पोलंड बळकावल्यावर त्यांना सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले होते, आणि तिथून सुटल्यावर ते इराणमार्गे भारतात आले. छळ करणारी सत्ता वेगळी, पद्धत वेगळी, हेतूही वेगळा. व्याख्या हातात घेऊन हा फरक स्वतः लिहून काढणे, हा सहलीचा शेवटचा लेखी अभ्यास असावा.

पोल गेल्यावर त्याच वसाहतीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि तिचे गांधीनगर झाले. आज तिथे कपड्यांची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानातले पोलिश स्मारक आधी पाहून मग गांधीनगरात जावे, जुन्या दुकानदारांना आदल्या आठवड्यात शिक्षकाने स्वतः भेटून विचारून ठेवावे, आणि विद्यार्थ्यांनी त्यांना सिंधमधले गाव, इथे यायची तारीख आणि आधीच्या रहिवाशांची एखादी खूण आठवते का, एवढेच विचारावे. गिऱ्हाइकांची वेळ सोडून जावे, आणि एका दुकानात एका वेळी चौघांहून अधिक शिरू नये.